मधले एकशे छत्तीस

आमच्या घरात दोन डॉक्टर. मी बाळंतपणं करायचे आणि नवरा पोस्टमॉर्टेम करायचा. हॉस्पिटलच्या क्वार्टर्समधल्या शेजाऱ्यांना हा विनोद आयताच मिळाला होता. "एक आणते, एक पोचवतो," असं म्हणून ते खो खो हसायचे आणि मग मधल्या काळातल्या खोकल्यासाठी कुणाकडे जावं, हे विचारायला आमच्याच दारात उभे राहायचे. सासूबाईंना कुणी विचारलं, "मुलगा डॉक्टर ना? कशाचा?" तर त्या म्हणायच्या, "सरकारी." आणि लगेच विचारणाऱ्याच्या गुडघेदुखीची चौकशी करायच्या.

आता आम्ही दोघंही निवृत्त आहोत. हा शेजारच्या खोलीत छातीवर वर्तमानपत्र पसरून झोपलाय. त्याच्याबद्दल लिहायचं तर तो झोपेत असतानाच लिहिलेलं बरं. जागा झाला की प्रत्येक वाक्यावर बोट ठेवेल. कॉलेजात त्याचं नाव शंकासूर पडलं होतं ते काही उगाच नाही. तास संपत आलेला असायचा, सगळ्यांनी वह्या मिटलेल्या असायच्या, पोटात कावळे ओरडत असायचे, आणि तिसऱ्या बाकावरून तो लांबलचक हात वर जायचा. "सर, एक शंका आहे." सगळा वर्ग कपाळावर हात मारून घ्यायचा.

मी त्याच्या अगदी उलट. मला शंका येतच नसत, मला पानंच्या पानं पाठ असत. तो मला पोपटीण म्हणायचा. चार वर्षं आमचं फारसं बोलणंही नव्हतं. मग इंटर्नशिपमध्ये आमची ड्यूटी लहान मुलांच्या वॉर्डात एकत्र लागली.

त्या वॉर्डाची हिरवट भिंत, रंग उडालेले लोखंडी पाळणे, इंजेक्शनच्या उकळत्या सुयांचा तो वास, सगळं अजून डोळ्यांपुढे आहे. तिथे एक चार-पाच वर्षांचं पोरगं घसा दाखवायला तयार नव्हतं. सिस्टरनं धरलं, मी दटावलं, पोरानं माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला. शंकासूर आला आणि सरळ फरशीवर बसला. त्यानं स्वतःचा आ वासला आणि टॉर्च त्या पोराच्या हातात दिली. "बघ बरं, माझ्या घशात काय झालंय?" पोरानं पाच मिनिटं खोल तपासणी केली आणि गंभीरपणे सांगितलं, "जीभ आहे." "बापरे," हा म्हणाला, "तुझ्यातपण आहे का बघू?" आणि पोरानं आ केला. मी बोटाला पट्टी बांधत ते बघत होते आणि माझं लग्न तिथेच ठरलं. त्याला ते कळायला आणखी दोन महिने लागले, ही गोष्ट वेगळी.

त्याला मुलांचाच डॉक्टर व्हायचं होतं. दुसरं काही त्याच्या तोंडात नव्हतं. आणि मला बाळंतपणं. अडचण एकच होती. रेसिडेन्सीची जागा हातात पडेपर्यंत आपण कुठल्या गावात असू, हे कुणालाच माहीत नसायचं. आमच्या वरच्या वर्गातलं एक जोडपं असंच दोन टोकांना फेकलं गेलं होतं. तिला इकडची जागा, त्याला रेल्वेनं चौदा तासांवरची. आधी आठवड्याला दोन पत्रं, मग एक, मग महिन्याला एक, आणि दीड वर्षानं तिच्या लग्नाची पत्रिका आमच्या हॉस्टेलवर आली तेव्हा तिच्यावर नवऱ्याचं नाव भलतंच होतं. कुणाचंच काही चुकलं नव्हतं. छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्यूट्या करून माणसाला आरशातला स्वतःचा चेहरा ओळखू येत नाही, तिथे चौदा तासांवरचा चेहरा किती दिवस टिकणार? ती पत्रिका बघितल्यापासून मला धास्ती बसली होती.

रेसिडेन्सीच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. माझा एकतिसावा नंबर, त्याचा एकशे अडुसष्टावा. जागावाटप नंबरानं व्हायचं. मोठ्या हॉलमध्ये एकेकाला पुकारायचं, फळ्यावर सगळ्या कॉलेजांतल्या सगळ्या जागा खडूनं लिहिलेल्या, तुम्ही बोट दाखवाल ती जागा शिपाई पुसून टाकणार. तीन मिनिटांत आयुष्याचा निकाल. एकदा बोललात की बदल नाही. म्हणजे मला आधी निवडावं लागणार होतं, आणि माझ्यानंतर एकशे छत्तीस जण निवडून झाल्यावर याला.

नदीकाठच्या शहरातल्या कॉलेजात मुलांच्या विभागाच्या पाच जागा होत्या. दुसरीकडे कुठे दोन, कुठे एक. म्हणून मी ते शहर धरलं. पण मधले एकशे छत्तीस जण त्या पाच जागांचं काय करणार? इथे माझ्यातली पोपटीण जागी झाली. मी ठरवलं, अंदाज कशाला बांधायचा? विचारूनच घेऊ.

जागावाटपाच्या आधी तीन दिवस कागदपत्रांची तपासणी होती. चार कॉलेजांतली मुलं त्या लांब व्हरांड्यात नंबराच्या क्रमानंच रांगेत उभी. देवानं ताट वाढूनच ठेवलं होतं. मी दोनशे पानी चौकटीची वही घेतली, नंबर घातले बत्तीस ते एकशे सदुसष्ट, आणि रांगेच्या या टोकापासून सुरुवात केली. "माफ करा, नदीकाठच्या कॉलेजात तुम्ही मुलांचा विभाग घेणार आहात का?" एवढाच प्रश्न. का विचारतेय हे मी कुणालाच सांगितलं नाही. अनोळखी माणसांपुढे "मला लग्न करायचंय हो" असं कोण सांगणार? चष्मा नाकावर, वही छातीशी, आणि चेहरा असा की जणू मला वरून कुणी नेमलंय.

शंकासूर तेव्हा समोरच्या पायरीवर शेंगदाणे खात बसलेला असायचा.

"काय चाललंय तुझं?" त्यानं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"तू गप्प बस. मी बघते सगळं."

"बरं," म्हणून त्यानं पुडी माझ्यापुढे केली.

तिसऱ्या दिवशी माझी वही भरली. एकशे छत्तीस जणांपैकी फक्त तीन जणांनी हो म्हटलं होतं. पाचातून तीन गेले, दोन उरले. मी आयुष्यात इतक्या वेळा वजाबाकी तपासली नव्हती. हॉस्टेलवर जाऊन मी गाढ झोपले.

जागावाटपाच्या दिवशी माझा नंबर आला, मी नदीकाठच्या शहरातल्या बाळंतपणाच्या विभागावर बोट ठेवलं, शिपायानं ती ओळ पुसली. मी मागच्या खुर्चीवर येऊन निवांत बसले. पन्नास नंबरला मुलांच्या विभागाची पहिली जागा गेली. ती वहीत होती. बहात्तरला दुसरी गेली. ती वहीत नव्हती. मला वाटलं, असतात काही लोक आयत्या वेळी बदलणारे. एकशे चारला तिसरी गेली. तीही वहीत नव्हती. माझ्या पुढच्या रांगेत दोन मुलं कुजबुजत होती.

"तू तर त्वचारोग घेणार होतास ना?"

"अरे, ती चष्मेवाली नव्हती का सगळ्यांना विचारत फिरत? एकतिसाव्या नंबरची मुलगी वही घेऊन तीन दिवस एकाच जागेची चौकशी करते, म्हणजे तिथे नक्की काहीतरी आहे. नवी इमारत होतेय म्हणे. परदेशातून कुणी मोठे सर येणार आहेत."

मी चष्मा काढून पर्समध्ये टाकला. त्यामुळे पुढचं मला फळ्यावर धड दिसलंही नाही. फक्त शिपायाचा हात वर जाताना दिसायचा. एकशे सव्वीस. एकशे एकोणपन्नास. पाचही जागा संपल्या. जिथे मागच्या वर्षी दोनशे नंबरपर्यंत जागा शिल्लक होत्या, तिथे मी स्वतः, घरोघरी आमंत्रण दिल्यासारखी, गर्दी गोळा केली होती. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात, तो धोंडा मी तीन दिवस रांगेतून ओढत आणला होता. आणि तो पडला मात्र याच्या पायावर.

एकशे अडुसष्ट पुकारला. तो उठला. फळ्यासमोर उभा राहिला. समितीचे अध्यक्ष एक टक्कल पडलेले सर्जन होते. सकाळपासून ओरडून त्यांचा आवाज बसला होता. "मुलांचा विभाग हवा असेल तर अजून एक आहे," ते म्हणाले. ते चौदा तासांवरचं कॉलेज होतं. "नदीकाठी आता फक्त फॉरेन्सिक उरलंय. ते काही तू घेणार नाहीस."

मी मागे बसून मनातल्या मनात ओरडत होते, मुलांचा घे, मुलांचा घे. आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी उलटंही ओरडत होते. दोन्ही आवाज माझेच.

त्यानं हात वर केला. तीन मिनिटांपैकी दोन संपली होती.

"सर, एक शंका आहे. पोस्टमॉर्टेम किती वाजेपर्यंत करतात?"

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. "उजेड असेपर्यंत. सूर्य मावळला की बंद. नियम आहे तसा. का?"

"म्हणजे संध्याकाळी घरी जाता येतं?"

"येतं. त्या विभागातला पेशंट काही पळून जात नाही."

हॉल हसला. त्या हसण्यातच तो म्हणाला, "मग तेच द्या." शिपायानं ओळ पुसली.

बाहेर पायऱ्यांवर मी त्याला वाट्टेल ते बोलले. मूर्ख म्हटलं, गाढव म्हटलं. रडले. जे सांगायला हवं होतं तेवढं सोडून सगळं बोलले. तो म्हणाला, "भूक लागलीय. तुला नाही लागली?"

आमचं लग्न झालं. तीन वर्षांसाठी म्हणून गेलो आणि नोकऱ्याही त्याच शहरात लागल्या. दोन खोल्यांची क्वार्टर, स्वयंपाकघराची खिडकी हॉस्पिटलच्या लाँड्रीकडे उघडणारी. दिवसभर वाफेचा फुसफुसाट. लाँड्रीच्या मागे शवागार. मी कधी घरी येईन याचा भरवसा नसायचा. बाळं घड्याळ बघून थोडीच येतात? पण हा मात्र दिवस मावळला की घरात. आल्याबरोबर आंघोळ, मग स्वयंपाक. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, "नशीब काढलंस गं." मी हसायचे आणि मान खाली घालायचे.

मुलगी झाली. तिचा सर्दी-ताप हा असा तपासायचा की मोठमोठ्या तज्ज्ञांनी शिकावं. जमिनीवर बसून, टॉर्च तिच्या हातात देऊन. ती सहा वर्षांची असताना एकदा तिनं मला विचारलं, "आई, बाबा मेलेल्यांचे डॉक्टर आहेत ना? मग मला का तपासतात?" तो पोट धरून हसला. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. जे डोळे हजारो पोरांच्या घशात बघणार होते, ते एकाच पोरीच्या घशात बघत होते, आणि का, ते फक्त मला ठाऊक होतं. वही मी लग्नाआधीच फाडून टाकली होती. सांगायचं म्हणून कितीदा तोंड उघडलं, आणि दरवेळी "मीठ जास्त झालंय का रे?" असं काहीतरी विचारून मिटलं.

त्याच्या कामाबद्दल तो घरी बोलायचा नाही, मीही विचारायचे नाही. शवागारातला मदतनीस मात्र क्वार्टर्सच्या फाटकाशी भेटला की काहीबाही सांगायचा. साहेब टाके फार बारीक घालतात. शर्टाची बटणं स्वतः लावतात. केस विंचरल्याशिवाय घरच्यांकडे देत नाहीत. "मी म्हणतो, साहेब, आता कशाला? तर म्हणतात, आईनं बघायचंय ना." मी ऐकून घ्यायचे आणि भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे.

वीस वर्षं अशी गेली. मग एकदा माझ्या बाह्यरुग्ण विभागात एक बाई आली. तिशीची असेल, पाचवा महिना, शिवणकाम करायची. बोटांवर सुयांचे डाग. मी नेहमीचे प्रश्न विचारले. हे कितवं?

"दुसरं. पहिला मुलगा होता. चार वर्षांचा. दोन वर्षं झाली त्याला जाऊन." मग टेबलावरच्या माझ्या पाटीकडे बघून म्हणाली, "तुमचंही आडनाव हेच. ते मुलांचे डॉक्टर तुमचे कोण?"

"मुलांचे डॉक्टर? आमच्याकडे कुणी नाही."

"उंच आहेत. मागच्या इमारतीत बसतात."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "बाई, ते मुलांचे नाहीत. ते..."

"आमच्या बाळाला त्यांनीच बघितलं ना," ती म्हणाली. तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यातून एक चौपट घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर तो इतका विरला होता की मागून चिकटपट्टी लावली होती. वर पेन्सिलीनं काढलेलं हृदय होतं. चार कप्पे, बाण, आणि एका पडद्यावर बारीक गोल. खाली त्याचं किरटं अक्षर: हे भोक जन्मापासून होतं.

तिनं जे सांगितलं ते असं. मुलगा गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं कापलेलं कापड चिखलात ओढलं म्हणून तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. पोरगं रडून झोपलं आणि सकाळी उठलंच नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. आपल्या हातानं मुलगा गेला, असं धरून ती शवागाराबाहेरच्या बाकावर बसली होती. डॉक्टर बाहेर आले, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "ताई, तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा. मनात ठेवू नका." तिनं विचारलं. तेव्हा त्यांनी कागद मागवून हे काढलं. "पाठीवर साधा वळसुद्धा नाही, मी नीट बघितलंय. तो हे भोक घेऊनच आला होता. तुमचा हात याच्यात कुठेही नाही."

"ते नसते तर मी पुन्हा आई व्हायला धजले नसते," बाई म्हणाली. मग तिनं कागदाची घडी होती तशी घातली. मी तिचं वजन लिहिलं, रक्तदाब लिहिला, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. पुढच्या पेशंटला पाच मिनिटं थांबायला सांगितलं.

त्या दिवशी मी लवकर घरी गेले. हा खिडकीशी उभा राहून मुलीच्या शाळेच्या ड्रेसला इस्त्री करत होता. मी चपला न काढताच बोलायला लागले. वही, रांग, बत्तीस ते एकशे सदुसष्ट, ती दोन मुलं, नवी इमारत, परदेशातले सर, सगळं. "तुझी जागा दुसऱ्या कुणी नाही घालवली. मी घालवली. माझ्या विचारण्यानं गेली. वीस वर्षं मी तुला सांगितलं नाही."

त्यानं इस्त्री उभी करून ठेवली. मला वाटलं, आता हा चिडणार, आणि चिडला तर बरंच होईल.

"एकशे छत्तीस जणांना विचारलंस," तो म्हणाला. "मला कुठे विचारलंस?"

"तुला काय विचारायचं? तुला मुलांचा डॉक्टर व्हायचं होतं. अख्ख्या कॉलेजला माहीत होतं."

"व्हायचं होतंच. आणि वाईटही वाटलं, खोटं कशाला बोलू? पहिली दोन-तीन वर्षं तर फार वाटायचं. लहान पोर टेबलावर आलं की अजून वाटतं. पण तू त्या पायरीवर मला विचारलं असतंस ना, तर मी सांगितलं असतं की आधी शहर लिही. विभाग खाली लिही. उरेल तो लिही." त्यानं ड्रेसची बाही सरळ केली. "मी हॉलमध्ये जाताना हे ठरवूनच गेलो होतो. तू तिथे असशील तिथे. फक्त संध्याकाळी घरी यायला मिळेल का, तेवढं माहीत नव्हतं. म्हणून विचारलं."

मी खुर्चीत बसले. वीस वर्षं मी माझी चूक उराशी धरून होते. त्याचं आयुष्य मी बिघडवलं, असं म्हणताना मला मोठं पाप केल्यासारखं वाटायचं, आणि कुठेतरी मोठंही वाटायचं. त्यात त्याचा काही वाटाच मी ठेवला नव्हता. त्यानं भर हॉलमध्ये, सगळे हसत असताना, मला निवडलं होतं, आणि मी ते आजवर माझ्या वजाबाकीतली चूक म्हणून धरलं होतं.